मोबाइलमधली चिकटवही

वाचकहो, चिकटवही ही काही तुम्हांला नवी वस्तू नाही. वर्तमानपत्रातली कात्रणे, पोस्टाची तिकिटे, वाळलेले पिंपळाचे पान, असे काहीबाही खळीने वहीत चिकटवायचे आणि खाली चार ओळी लिहावयाच्या, की झाली चिकटवही! खळीची कटकट मात्र सर्वांनाच. अमेरिकेतील विनोदी लेखक मार्क ट्वेन याने तर पानांवर आधीच गोंद लावलेल्या चिकटवहीचे १८७३ साली पेटंट घेतले होते.

तीच वही आज मोबाइलवर किंवा संगणकावर करता येते. तिला डिजिटल चिकटवही म्हणतात. येथे खळ नाही, कात्री नाही. मूळ फोटोला धक्का लागत नाही. चुकले तर पुसता येते, आणि एकाच पानाच्या प्रती मुंबईच्या मुलाला नि सासरी गेलेल्या मुलीलाही पाठविता येतात.

आता तुम्ही म्हणाल, "अहो, मोबाइलमध्ये फोटो ढीगभर पडले आहेत. मग हा खटाटोप कशाला?" तर मंडळी, फोटो मुका असतो. तो चेहरा दाखवितो, नाव सांगत नाही. ट्रंकेतला एखादा जुना फोटो काढून पाहा. खुर्चीवर दोन पुरुष, मागे तीन बाया, पुढे सतरंजीवर मुले. आजीला विचारा, ती बोट ठेवून एकेकाचे नाव सांगेल. आजी गेली, की त्यातली निम्मी माणसे घरालाच अनोळखी होतात. म्हणून या वहीचा जीव फोटोत नाही, तो फोटोशेजारच्या ओळींत आहे.

सुरुवात पाचच फोटोंनी करावी. फोटो ओल्या फडक्याने पुसू नये. मऊ कोरड्या ब्रशने धूळ झाडावी. काचेला चिकटलेला फोटो ओढून काढू नये, काचेसकटच त्याचे चित्र घ्यावे. खिडकीजवळ, ऊन थेट पडणार नाही अशा जागी फोटो सपाट ठेवा. मोबाइल बरोबर वर, समांतर धरा. फ्लॅश बंद ठेवा, नाहीतर चकाकी येते. जवळपास स्कॅनर असेल तर उत्तमच. लहान फोटो दर इंचाला ६०० ठिपके या मापाने घ्यावा, म्हणजे पुढे दुप्पट मोठा छापला तरी स्पष्ट येतो. आणि बरं का, फोटोची पाठही टिपून ठेवा. तिथे स्टुडिओचा शिक्का किंवा पेन्सिलीने लिहिलेली तारीख पुष्कळदा सापडते.

यानंतर घरातल्या वडीलधाऱ्यांजवळ बसा. "आजी, हा फोटो कोणत्या साली काढला?" असे विचारले तर उत्तर बहुधा मिळणार नाही. "बहात्तरच्या दुष्काळाआधीचा की नंतरचा?" असे विचारा. कोयनेचा भूकंप १९६७ च्या डिसेंबरातला, पानशेतचे धरण फुटले १९६१ च्या जुलैत, किल्लारीचा भूकंप १९९३ च्या सप्टेंबरात. अशा खुणा माणसांच्या पक्क्या ध्यानात असतात. "तेव्हा धाकटा कडेवर होता," एवढ्या एका वाक्यावरूनही साल जवळपास काढता येते. जे नक्की नाही तिथे 'अंदाजे' असे स्पष्ट लिहावे. बोलणे चालू असताना त्यांच्या परवानगीने आवाजही ध्वनिमुद्रित करून ठेवा. त्यांचे शब्द जसेच्या तसे पानावर उतरवा; अलंकारिक मजकुरापेक्षा ते शंभर पटींनी गोड लागतात.

आता पान मांडू या. मोबाइलवर कॅन्व्हासारखे ॲप चालते. संगणकावर लिबरऑफिस किंवा गिम्प हे मोफत मिळतात. छापावयाचे असेल तर ए-४ आकाराचे पान दर इंचाला ३०० ठिपक्यांनी, म्हणजे २४८० बाय ३५०८ ठिपक्यांचे घ्यावे. गिम्पमध्ये 'थर' असतात. एकावर एक ठेवलेल्या काचा समजा: एकीवर रंग, दुसरीवर फोटो, तिसरीवर अक्षरे. एक काच सरकविली तरी बाकीच्या हलत नाहीत. एका पानावर एकच गोष्ट असावी. एक मोठा फोटो, फार तर दोन लहान. नावे, गाव, साल आणि पाचसात ओळी. फुले, वेलबुट्ट्या यांचा मोह आवरावा. लग्नाच्या मांडवात नवरानवरी दिसेनाशी झाली तर मांडव काय कामाचा?

साठवण हा महत्त्वाचा भाग. मूळ चित्र तसेच ठेवून काम नेहमी त्याच्या प्रतीवर करा. जेपेग प्रकारचे चित्र बदलून पुन्हापुन्हा साठविले, की दर वेळी थोडा बारकावा गळतो. व्हॉट्सॲपवरून नेहमीसारखा पाठविलेला फोटोही आकसतो. तो 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवावा. फाइलच्या नावात साल, गाव आणि प्रसंग घाला. मोबाइल विहिरीत पडला तर सारेच बुडाले! म्हणून तीन प्रती ठेवा: एक मोबाइलमध्ये, एक पेनड्राइव्हवर, एक परगावच्या नातेवाइकाकडे. तयार झालेले पान एकदा कागदावर छापून घेतले तर फारच चांगले.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हा छंद वर्गातही आणता येईल. प्रत्येक मुलाने घरच्या एकाच फोटोचे एक पान करावे. चाळीस मुलांची चाळीस पाने एकत्र आली, की गावाचा छोटा इतिहासच उभा राहतो, आणि मुले आजीआजोबांपाशी बसून प्रश्न विचारू लागतात. ज्याच्या घरी फोटो नाही त्याने जुनी सुरई, पाटा किंवा आजीचे जाते टिपावे. त्या वस्तूलाही कहाणी असतेच. मात्र कोणाचेही पान शाळेबाहेर दाखविण्यापूर्वी घरच्यांची संमती अवश्य घ्या.

तेव्हा मंडळी, येत्या रविवारी ट्रंक उघडा. सजावट पुढच्या महिन्यात केली तरी चालेल, पण नावे विचारायचे काम मात्र लांबणीवर टाकू नका.