सव्वाआठ एकरांचा मठ, मीटरभराची पेटी

माद्रिदपासून पंचेचाळीसेक किलोमीटरवर, डोंगराच्या पायथ्याशी एल एस्कोरियल आहे. मठ, राजवाडा, ग्रंथालय आणि स्पेनच्या राजघराण्याचं दफनस्थान, सगळं एकाच वास्तूत. इथे पाहुण्यांना फिरवायचं तर सुरुवात आकड्यांपासूनच करावी, कारण नजरेत हे काही मावत नाही.

लांबी २०७ मीटर, रुंदी १६२. आपल्या हिशोबात सव्वाआठ एकर! बाहेरून एक प्रदक्षिणा घातली तरी पाऊण किलोमीटर चालणं होतं. खिडक्या २,६७३. एकेकीपाशी मिनिटभर थांबलात, तर जेवणझोप सोडूनही ४४ तास लागतील. दारं बाराशे, जिने ८६, चौक १६. हा सारा ग्रॅनाइट बैलगाड्यांनी ओढून आणला. पायाचा दगड १५६३ साली बसला आणि शेवटचा १३ सप्टेंबर १५८४ रोजी. अवघी २१ वर्षं.

हे उभं करणारा दुसरा फिलिप आपल्याला परका नाही. १५८० साली पोर्तुगालचं राज्य त्याच्याकडे आलं, त्याबरोबर गोवाही. जुन्या गोव्यातल्या बॉम जेझू चर्चचं काम १५९४ साली सुरू झालं, ते त्याच्याच अमलात. एवढ्या राज्याचा हा धनी वारला तो याच इमारतीतल्या एका लहानशा खोलीत. अंथरुणावरून चर्चची वेदी दिसावी अशी ती बांधलेली. तारीख पुन्हा १३ सप्टेंबर, साल १५९८.

आता वेदीच्या बरोबर खाली उतरायचं. अष्टकोनी दालन, गडद संगमरवर, सोनेरी नक्षी. सहा भिंतींत एकावर एक चार-चार पेट्या, दोन दाराच्या वर, एकूण २६. राजे एका बाजूला, राजमाता दुसऱ्या बाजूला. प्रत्येक संगमरवरी पेटीत शिशाची पेटी असते आणि तिची लांबी जेमतेम एक मीटर. त्यात राजा मावतो कसा? आधी त्याचा देह 'पुद्रिदेरो'त, म्हणजे कुजण्याच्या खोलीत, पंचवीस-तीस वर्षं ठेवतात. तिथे फक्त मठातले साधू जातात. पाहुण्यांना तिथे प्रवेश नाही. उरलेल्या अस्थी मग त्या मीटरभरात बसतात. शेवटच्या दोन जागा १९९३ साली वारलेले डॉन हुआन आणि २००० साली वारलेल्या त्यांच्या पत्नी यांच्यासाठी ठरल्या आहेत. त्यांचे पुत्र हुआन कार्लोस राजे झाले, पण त्यांच्यासाठी इथे सत्ताविसावी पेटी नाही.

बहुतेक जण इथूनच परत फिरायला बघतात. त्यांना थांबवून पुढच्या दालनांत न्यायलाच हवं. तिथे पांढऱ्या संगमरवराचं वीस बाजूंचं एक थडगं आहे, मजल्यामजल्याने वर निमुळतं होत गेलेलं. स्पॅनिश लोक त्याला 'तार्ता', म्हणजे केक म्हणतात. त्यात साठ कप्पे आहेत, सगळे राजघराण्यातल्या लहान मुलांसाठी.