वखारीत शिरलेला कॅमेरा

निपाणीची तंबाखू ठाऊक नाही असा विडी ओढणारा विरळाच. पण ती तंबाखू चाळणाऱ्या बायका बराच काळ कुणाच्या खिजगणतीत नव्हत्या. वखारीत दिवसभर तंबाखू कुटायची, चाळायची, निवडायची. नाकातोंडात धूळ, लुगड्याला वास, वरून मळमळ. वखारीबाहेरच्या रस्त्याने रोज जाणाऱ्यालाही आत काय चालतं याचा पत्ता नसे.

त्यांना एकत्र आणायचं काम एका प्राध्यापकानं अंगावर घेतलं. सुभाष जोशी अर्जुननगरच्या देवचंद कॉलेजात शिकवत. कॉलेज निपाणीला अगदी खेटून, पण हद्द महाराष्ट्राची. निपाणी मात्र तेव्हाच्या चिकोडी तालुक्यात, म्हणजे कर्नाटकात. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासूनची ही तऱ्हा. सर तास घेणार एका राज्यात आणि मोर्चा काढणार दुसऱ्यात! चिकोडी तालुका कामगार महासंघ उभा राहिला आणि हजारो बायका त्यात आल्या. अनिल अवचटांच्या लेखणीतून त्यांची हकिगत मराठी वाचकांपर्यंत पोचली.

कॅमेरा आला तो बंगळूरहून. दीपा धनराज, आभा भैया, मीरा राव आणि नवरोज कॉन्ट्रॅक्टर यांनी १९८० मध्ये ‘युगांतर’ हा गट सुरू केला होता. पुण्यातल्या घरकाम करणाऱ्या बायकांवर ‘मोलकरीण’ केल्यावर त्यांनी निपाणी गाठली. कॅमेरा नवरोज यांच्याकडे. मणी कौल यांचा ‘दुविधा’ (१९७३) हा चित्रपट टिपणारे हेच. ते शिकले बडोद्याच्या कलामहाविद्यालयात. चित्रकार ज्योती भट्ट तिथेच शिकवत आणि १९६७ पासून गुजरातच्या खेड्यांतली भिंतींवरची चित्रं, रांगोळ्या, रोजची घरं-माणसं फोटोंत साठवत फिरत. मास्तरकी आणि कॅमेरा हातात हात घालून चालण्याची ती नामी परंपरा.

निपाणीत हा गट सुमारे चार महिने बायकांच्या संगतीत होता. आधी ऐकायचं, मग यंत्र काढायचं. काय दाखवायचं, संघटना कशी बांधली गेली ते कसं मांडायचं, हे बायकांनीच सांगितलं. १९८२ मध्ये तयार झालेला ‘तंबाखू चाकीला ऊब आली’ हा जेमतेम २५ मिनिटांचा कृष्णधवल माहितीपट. वखारीचं अंतरंग असं पडद्यावर पूर्वी आलंच नव्हतं. कामाची रीत, संघटनेच्या बैठका, संप, सगळं त्यात आहे. कुणी परका निवेदक शहाणपण शिकवत नाही, हे विशेष.

त्या वर्षांत निपाणी वर्तमानपत्रांत होतीच. मार्च १९८१ मध्ये शेतकरी संघटनेच्या शरद जोशींच्या नेतृत्वाखाली तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांनी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. ६ एप्रिलला गोळीबार झाला, १२ शेतकरी ठार झाले. बातमीदारांची रीघ लागली ती त्या रस्त्यावर, आणि ते साहजिकही होतं. पण त्याच तंबाखूचं पुढे वखारीत काय होतं, तिथल्या बाईला काय मिळतं, ही काही एका दिवसाची बातमी नव्हे. त्यासाठी कुणीतरी मुक्काम ठोकावा लागतो, आणि मुक्कामाआधी कुणीतरी ओळख करून द्यावी लागते. निपाणीत ती ओळख बायकांच्या स्वतःच्या संघटनेनं दिली. महाराष्ट्र-कर्नाटक सीमाप्रश्नावर कागदांचे गठ्ठे साचले, पण सीमाभागातल्या कष्टकरी बाईचं असं चलत्‌चित्र शोधायला गेलं, तर हात बहुधा याच २५ मिनिटांवर येऊन थांबतो.

माहितीपट पुढे संघटना वाढवण्यासाठी इतर गावांतल्या कामगार बायकांनाही दाखवला गेला. नंतर बरीच वर्षं तो विस्मरणात होता. बर्लिनच्या ‘आर्सेनल’ या संस्थेनं युगांतरच्या चित्रपटांचं डिजिटल जतन केलं, तेव्हा निपाणीच्या वखारी युरोपातल्या प्रेक्षकांनी पाहिल्या. नवरोज कॉन्ट्रॅक्टर २०२३ मध्ये गेले. आता हा माहितीपट निपाणी-चिकोडीच्या शाळा-कॉलेजांतही दाखवायला काय हरकत आहे? कित्येक पोरांच्या आज्या अशाच वखारींत राबल्या असतील.