बुद्धजयंतीची सुट्टी नेमकी कुणाची? हाँगकाँगकडून घ्यायचा धडा

वैशाख पौर्णिमेला आपल्याकडे सरकारी कार्यालये आणि बँका बंद असतात. पण दुकानात, गोदामात, हॉटेलात राबणारे आपले अनेक बांधव त्या दिवशीही कामावर असतात. विहारात जायचे तर खाडा पडतो. मग ही सुट्टी खरोखर सगळ्यांची आहे का? हे समजून घ्यायला हाँगकाँगचे उदाहरण उपयोगी आहे.

तिथे सुट्ट्यांच्या दोन याद्या आहेत. पहिली सार्वजनिक सुट्ट्यांची, वर्षाला १७. बँका, शाळा आणि सरकारी कार्यालये ती पाळतात. दुसरी रोजगार कायद्यातील वैधानिक सुट्ट्यांची. ती प्रत्येक मालकाला द्यावीच लागते. २०२१ पर्यंत या दुसऱ्या यादीत फक्त १२ दिवस होते. म्हणजे बँकेतल्या कर्मचाऱ्याला १७ सुट्ट्या, तर सफाई कामगाराला किंवा हॉटेलात भांडी घासणाऱ्याला हक्काच्या १२.

बौद्धांच्या अनेक वर्षांच्या मागणीनंतर बुद्धजयंती १९९९ मध्ये पहिल्या यादीत आली. दुसऱ्या यादीत यायला २०२२ साल उजाडले. मध्ये २३ वर्षे गेली! २०२१ च्या कायदा दुरुस्तीने दर दोन वर्षांनी एक सुट्टी वाढवत २०३० पर्यंत १७ चा आकडा गाठायचे ठरले. सुरुवात बुद्धजयंतीने झाली. नाताळ आणि ईस्टरच्या सुट्ट्या त्यानंतर ठेवल्या गेल्या.

प्रतिक्रिया संमिश्र होत्या. कामगार संघटनांनी स्वागत केले, पण समानतेसाठी २०३० पर्यंत का थांबायचे, असा सवाल केला. छोट्या व्यावसायिकांना कोरोनाच्या काळात वाढीव खर्चाची चिंता होती. घरकामगार ठेवणाऱ्या कुटुंबांनाही ही सुट्टी द्यावी लागते. तिथल्या घरकामगार महिला प्रामुख्याने फिलिपिन्स आणि इंडोनेशियाच्या, म्हणजे बहुतांश ख्रिश्चन आणि मुस्लिम. तथागतांच्या जयंतीने त्यांनाही हक्काची विश्रांती मिळाली, ही गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते.

मालकांची अडचण खोटी नाही. पण सुट्टीचा खर्च परवडत नाही म्हणून तो सर्वांत कमी पगार असलेल्याच्या अंगावर टाकणे, हा न्याय नव्हे. बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कारखान्यातील कामगारांच्या भरपगारी रजेचे विधेयक मांडले होते. विश्रांती ही मालकाची मेहेरबानी नसून कामगाराचा हक्क आहे, हीच त्यामागची भूमिका.

आता आपल्याकडे पाहू. आपली सार्वजनिक सुट्टी १८८१ च्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्याखाली जाहीर होते. खासगी दुकानदारावर ती आपोआप बंधनकारक ठरत नाही. मात्र महाराष्ट्र दुकाने व आस्थापना कायदा, २०१७ नुसार वीस किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनेत वर्षाला आठ भरपगारी सुट्ट्या मिळतात. त्यांपैकी २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर ठरलेल्या आहेत. उरलेल्या चार मालक आणि कामगारांनी मिळून ठरवायच्या असतात.

या चार दिवसांत १४ एप्रिल आणि बुद्धपौर्णिमा यावी, यासाठी आपल्यापैकी किती जणांनी लेखी मागणी केली आहे? वस्तीतल्या तरुणांनी आपल्या आस्थापनेची सुट्ट्यांची यादी मागून पाहावी, सहकाऱ्यांच्या सह्या घ्याव्यात, वर्ष सुरू होण्याआधी अर्ज द्यावा. आणि वीसपेक्षा कमी कामगार असलेल्या ठिकाणी राबणारे, नाका कामगार आणि घरकाम करणाऱ्या आपल्या आयाबहिणी या चौकटीबाहेरच राहतात. आपली पुढची लढाई त्यांच्यासाठी असली पाहिजे.

जय भीम, नमो बुद्धाय!