दायित्वमुक्ती, यूरोपीय संसदेतील
अर्थसंकल्पाने सोपविलेला निधी रीतसर खर्च झाला, हे मान्य करून त्या खर्चाच्या जबाबदारीतून संबंधित संस्थेस मोकळे करणाऱ्या संसदीय निर्णयास दायित्वमुक्ती म्हणतात. यूरोपीय संघात १९७५ च्या करारान्वये (अंमल १९७७) हा अधिकार एकट्या यूरोपीय संसदेकडे आला. त्याच कराराने लेखापरीक्षा न्यायालय स्थापन झाले. नाव न्यायालय असले, तरी ते न्यायनिवाडा करीत नाही. हिशेब तपासून अहवाल देणे, हे त्याचे कार्य.

हिशेब मान्य होण्यास मुळातच दीर्घ अवधी लागतो. आर्थिक वर्ष ३१ डिसेंबरला संपते. पुढील वर्षी हिशेब तयार होऊन त्यांची लेखापरीक्षा होते. नंतर सदस्य-राष्ट्रांच्या मंत्र्यांची परिषद शिफारस करते, संसदेची अर्थसंकल्प नियंत्रण समिती संस्थाप्रमुखांची विचारपूस करते आणि त्यापुढील वर्षाच्या १५ मेपूर्वी संसदेने निर्णय द्यावा, असा नियम आहे. म्हणजे वेळेवर मिळालेली मान्यताही सुमारे १६ महिन्यांनी मिळते. संघाच्या अनुदानावर चालणाऱ्या अभिकरणांबाबत निर्णय स्वतंत्रपणे घेतले जातात.

याहून अधिक होणारा विलंब बहुधा हेतुपुरस्सर असतो. समाधान न झाल्यास संसद एकदम नकार न देता निर्णय लांबणीवर टाकते व सामान्यतः ऑक्टोबरमध्ये पुन्हा मतदान घेते. दरम्यान संस्थेने दोष दूर करावेत, ही अपेक्षा. २०१० च्या हिशेबांबाबत मे २०१२ मध्ये कोपनहेगनचे पर्यावरण अभिकरण, पार्माचे अन्नसुरक्षा प्राधिकरण व तेव्हा लंडनमध्ये असलेले औषध अभिकरण यांची मान्यता अशीच रोखण्यात आली. आक्षेपाचा रोख आकड्यांपेक्षा हितसंबंधांच्या संघर्षावर, म्हणजे तज्ज्ञ व पदाधिकारी यांच्या उद्योगांशी आणि इतर बाह्य संस्थांशी असलेल्या संबंधांवर, अधिक होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये तिघांनाही मान्यता मिळाली.

विलंबानंतर नकाराचीही उदाहरणे आहेत. पोलीस महाविद्यालयाचे २००८ चे हिशेब ऑक्टोबर २०१० मध्ये नाकारण्यात आले. वॉर्सा येथील सीमा व तटरक्षक अभिकरणाची (फ्रॉन्टेक्सची) २०१९ ची मान्यता एप्रिल २०२१ वरून ऑक्टोबरवर गेली. त्याच्या २०२० च्या हिशेबांबाबतचा निर्णय मे २०२२ मध्ये पुढे ढकलून ऑक्टोबरमध्ये मान्यता नाकारण्यात आली. ग्रीसच्या सागरी सीमेवरून आश्रयार्थींना परत लोटले जात असता अभिकरणाने मूलभूत हक्कांची उपेक्षा केली, हा मुख्य आक्षेप होता. मात्र संचालकांनी एप्रिल २०२२ मध्येच राजीनामा दिला होता. नकार पोचला तो त्यांच्यामागून आलेल्यांच्या हाती.

नकारामुळे खर्च झालेला पैसा परत येत नाही, संस्था बंद पडत नाही वा पुढील अनुदानही आपोआप थांबत नाही. त्याचे वजन राजकीय आहे. डिसेंबर १९९८ मध्ये संसदेने आयोगाच्या १९९६ च्या हिशेबांना मान्यता नाकारली आणि मार्च १९९९ मध्ये झाक सांतेर यांच्या आयोगाला तज्ज्ञ समितीच्या अहवालानंतर राजीनामा द्यावा लागला. याउलट मंत्रिपरिषदेला २००९ पासूनच्या वर्षांकरिता संसद सातत्याने नकार देत आली, पण परिषद तिच्या प्रश्नांना उत्तरे देण्यास बांधील नाही अशी भूमिका घेते. तेथे हे शस्त्र बोथट ठरले आहे.

भारतीय संविधानात अशी दायित्वमुक्ती नाही. लोकलेखा समिती खर्चाची छाननी करून अहवाल देते आणि मंजुरीपेक्षा अधिक झालेला खर्च अनुच्छेद ११५ अन्वये लोकसभेपुढे मांडून नियमित केला जातो.