काचबिंदू : भाग ४ – थेंबांचा हिशेब

डोळ्यातला दाब कसा मोजतात ते मागच्या आठवड्यात पाहिलं. आता थेंब. काचबिंदूचे बरेचसे रुग्ण नजर गमावतात ती याच टप्प्यावर, निदान झाल्यानंतर.

मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं की दोन दिवसांत आजोबा भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागतात. काचबिंदूचे थेंब वर्षभर घातले तरी कालच्यापेक्षा आज तसूभरही जास्त दिसत नाही. उलट डोळे चुरचुरतात, लाल होतात. मग ‘एवढं घालून फरक काय पडला?’ असं म्हणत बाटली फ्रिजच्या दारात अंड्यांशेजारी पडून राहते. यात रुग्णाचा दोष कमी. थेंब कशासाठी, हे आम्ही डॉक्टरांनीच नीट सांगितलेलं नसतं.

डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेत साधारण १० ते १२ लाख तंतू असतात. मेलेला तंतू परत जगत नाही. थेंब राखतात ते उरलेल्यांना. बहुतेकांची आधी कडेची नजर जाते, आणि तिथे काळा डागही दिसत नाही. मेंदू ती जागा आजूबाजूच्या दृश्यानं लिंपून टाकतो. त्यामुळे दवाखान्यातल्या तक्त्याची शेवटची ओळ खडाखडा वाचणारा माणूस रस्त्यात बाजूनं आलेल्या रिक्षाला दचकतो. ‘पिकू दे, मग बघू’ हा मोतीबिंदूचा जुना सल्ला इथे लावाल तर हातात काही उरणार नाही.

डोळ्याच्या आत एक पाणी सतत तयार होत असतं (अश्रू वेगळे) आणि बारीक जाळीतून त्याचा निचरा होतो. निचरा तुंबला की दाब चढतो आणि नसेचे तंतू मरू लागतात. पूर्वी पिलोकार्पिन दिवसातून चार वेळा घालावं लागे. बाहुली आवळून सगळं अंधारल्यासारखं व्हायचं. १९७८ मध्ये अमेरिकेत टिमोलॉल आलं. ते पाणीच कमी तयार होऊ देतं. दमा असेल तर मात्र ते धोक्याचं, म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरांनाही दम्याबद्दल सांगाच. १९९६ मध्ये आलेलं लॅटानोप्रोस्ट रात्री एकदाच घालायचं. ते निचऱ्याची दुसरी वाट मोकळी करतं. दाब पाऱ्याच्या एका मिलिमीटरनं उतरला, तरी आजार वाढण्याचा धोका सुमारे १० टक्क्यांनी घटतो, असं स्वीडनमधल्या चाचणीत दिसलं. एक मिलिमीटर!

घालायचं कसं? खालची पापणी ओढून एकच थेंब. डोळ्यात त्याहून जास्त मावतच नाही. मग डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा दोन मिनिटं बोटानं दाबून धरा, म्हणजे औषध नाकावाटे अंगात उतरत नाही. दुसरं औषध पाच मिनिटांनी.

आणि एक उलटा प्रकार. डोळ्याला खाज सुटली की मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेले स्टेरॉइडचे थेंब. खाज लगेच थांबते, म्हणून दर उन्हाळ्यात पोरांच्या डोळ्यांत तीच बाटली. त्यानं काहींचा दाब चढतो आणि कुणाला पत्ता लागत नाही.

सगळाच काचबिंदू असा गुपचूप नसतो. एकात निचऱ्याचा कोन अचानक बंद होतो. डोकं फुटेल असं दुखतं, दिव्याभोवती रंगीत कडी दिसतात, उलट्या होतात, आणि माणूस पित्ताची गोळी घेऊन झोपतो. तो प्रकार पुढच्या आठवड्यात.