पत्ता वेगळा, फोल्डर वेगळं

वेब सर्व्हर स्वतः चालवायला घेतला की दोन आकडे हमखास भेटतात : ४०४ आणि ४०३. पहिला म्हणतो, मागितलेलं सापडलं नाही. दुसरा म्हणतो, देणार नाही. मग माणूस इंटरनेटवर शोधतो, कुणीतरी सुचवलेली ओळ चिकटवतो आणि आकडा गेला की काम झालं असं समजतो. फोल्डरच्या वाटांबद्दलचे बहुतेक गैरसमज अशा चिकटवलेल्या ओळींतूनच पसरले आहेत.

‘ब्राउझरमधला पत्ता म्हणजे डिस्कवरचं फोल्डर’

बाकीचे गैरसमज यातूनच फुटतात. डोमेनच्या नावानंतर दिसणारं ‘/फोटो/गणपती.जेपीजी’ हा पत्त्याचा भाग आहे. डिस्कवर त्या नावाचं फोल्डर असेलच असं नाही. दोहोंची सांगड कॉन्फिगरेशन फाइल घालते. सुरुवातीचं फोल्डर अपाचीत ‘डॉक्युमेंटरूट’ने ठरतं, इंजिनएक्समध्ये ‘रूट’ने. डेबियन आणि उबुंटूवर अपाचीचं ठरलेलं ठिकाण ‘/व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू/एचटीएमएल’. जुन्या आवृत्त्यांत शेवटचं ‘एचटीएमएल’ नव्हतं, त्यामुळे जुनी माहिती वाचून काम करणारे आजही भलत्याच फोल्डरात फाइली टाकतात.

अपाचीत ‘डिरेक्टरी’ हा विभाग डिस्कवरच्या फोल्डरला लागू होतो आणि ‘लोकेशन’ पत्त्याला. एकाच फोल्डरला ‘एलियस’ने दोन पत्ते दिले असतील आणि तुम्ही ‘लोकेशन’ लावून एक पत्ता बंद केला, तर दुसऱ्या पत्त्याने त्याच फाइली खुशाल मिळत राहतात. फाइली राखायच्या असतील तर बंदी ‘डिरेक्टरी’वरच घालायला हवी.

जाता जाता : फोल्डरचं नाव देवनागरीत ठेवलं तर सर्व्हर चालत नाही, हेही खरं नाही. चालतो. फक्त पत्ता पाठवताना देवनागरीचं प्रत्येक चिन्ह टक्केवारीच्या खुणांसह नऊ अक्षरांत लिहिलं जातं, म्हणून ‘फोटो’ एवढ्याशा नावाची छत्तीस अक्षरं होतात. लॉग वाचताना ते गिचमिड दिसतं, एवढंच.

‘इंजिनएक्समध्ये रूट लिहा किंवा एलियस, फरक पडत नाही’

पडतो, आणि चांगलाच पडतो. ‘/फोटो/’ या लोकेशनखाली रूट ‘/डेटा’ दिलं, तर सर्व्हर आख्खा पत्ता त्यापुढे जोडतो आणि ‘/डेटा/फोटो/गणपती.जेपीजी’ शोधतो. तिथे रूट ‘/डेटा/फोटो’ लिहिलं, की तो ‘/डेटा/फोटो/फोटो/गणपती.जेपीजी’ शोधायला जातो आणि ४०४ घेऊन परत येतो. एलियस मात्र जोडत नाही. पत्त्यातला ‘/फोटो/’ एवढा तुकडा काढून त्या जागी दिलेलं फोल्डर बसवतो.

एलियससोबत शेवटचा स्लॅश विसरणं त्याहून वाईट. लोकेशन ‘/फोटो’ असं बिनस्लॅशचं आणि एलियस ‘/डेटा/फोटो/’ असं स्लॅशसह लिहिलं, तर कुणीही ‘/फोटो../गुप्त.टीएक्सटी’ असा पत्ता मागून एक पायरी वर ‘/डेटा’मध्ये शिरू शकतो. तैवानचे सुरक्षा संशोधक ऑरेंज त्साई यांनी २०१८ मध्ये ब्लॅक हॅट परिषदेत ही फट मांडली होती. नवी कॉन्फिगरेशन लिहिताना ती आजही राहून जाते, कारण साइट अगदी व्यवस्थित चाललेली दिसते.

‘४०३ आला? परवानगी ७७७ करा’

हा सल्ला देणाऱ्यांनी किती सर्व्हर नासवले असतील, देव जाणे. ७७७ म्हणजे मशीनवरच्या प्रत्येक खात्याला त्या फोल्डरात लिहिण्याची मुभा. साइटमध्ये एखादी फट असेल तर घुसखोराला स्वतःची फाइल ठेवायला जागा आयतीच मिळते.

शिवाय बऱ्याचदा त्याने ४०३ जातही नाही. लिनक्समध्ये फाइलीपर्यंत पोचायला वाटेतल्या प्रत्येक फोल्डरात प्रवेशाची परवानगी, म्हणजे ‘एक्स’, लागते. वाड्यातल्या आतल्या खोलीचं दार सताड उघडं ठेवलं आणि दिंडीदरवाजाला कडी असली, तर पाहुणा बाहेरच उभा. उबुंटूने २१.०४ पासून नव्या होम फोल्डरची परवानगी ७५५ वरून ७५० केली. तेव्हापासून साइट होम फोल्डरात ठेवणाऱ्यांना सर्व्हरच्या खात्याला आत शिरता न आल्याने ४०३ मिळू लागला. ‘नेमआय -एल’ ही आज्ञा वाटेतल्या प्रत्येक फोल्डरची परवानगी एकाखाली एक दाखवते. कुठे अडलंय ते तिथेच कळतं.

रेड हॅट, फेडोरा, रॉकी यांवर एसईलिनक्सचा वेगळा पहारा असतो. त्याला ७७७ शी काही देणंघेणं नाही, तो फाइलीवरचं लेबल बघतो. होम फोल्डरातून ‘एमव्ही’ने हलवलेली फाइल जुनं लेबल सोबत आणते आणि अडते. अशा वेळी ‘रिस्टोरकॉन’ चालवायचं.

‘डॉक्युमेंटरूटबाहेरचं कुणाला दिसत नाही’

२०२१ च्या सप्टेंबरात आलेल्या अपाची २.४.४९ मध्ये पत्ता तपासण्यात चूक होती. ठरावीक सांकेतिक अक्षरं घातली की डॉक्युमेंटरूटच्या बाहेर जाता येत होतं. २.४.५० मधली दुरुस्ती अपुरी ठरली आणि ऑक्टोबरमध्ये लगोलग २.४.५१ काढावी लागली. मात्र मूळ कॉन्फिगरेशनमध्ये डिस्कच्या मुळाशीच ‘रिक्वायर ऑल डिनाइड’ अशी बंदी असते, आणि ती जिथे शाबूत होती तिथे बाहेरच्या फाइली या चुकीतून वाचल्या. ४०३ घालवण्यासाठी कुणी ती उठवली असेल, तर त्याची किंमत तेव्हा कळली.

उलट बाजूही आहे : नको ते आत ठेवणं. आख्खा प्रकल्पच डॉक्युमेंटरूटमध्ये ओतला, की पासवर्ड असलेली ‘डॉट-ईएनव्ही’ फाइल आणि ‘डॉट-गिट’ फोल्डरही पत्त्यावर येतात. लाराव्हेलमध्ये रूट म्हणून ‘पब्लिक’ हेच फोल्डर द्यायचं असतं ते म्हणूनच.

किरकोळ गोष्टी : इंजिनएक्स ‘डॉट-एचटीअ‍ॅक्सेस’ वाचतच नाही. विंडोजवर चालणारं ‘Photo’सारखं रोमन नाव लिनक्सवर लहान-मोठ्या अक्षरांच्या फरकाने अडतं, कारण तिथे ती दोन वेगळी नावं ठरतात. आणि कॉन्फिगरेशन बदलल्यावर रीलोड केल्याशिवाय सर्व्हर जुनंच धरून बसतो.

तेव्हा आकडा दिसला की आधी एरर लॉग उघडा. ४०४ आला तर इंजिनएक्स तिथे शोधलेली डिस्कवरची पूर्ण वाट लिहून ठेवतो. अपाचीच्या ४०३ मागे ‘क्लायंट डिनाइड बाय सर्व्हर कॉन्फिगरेशन’ लिहिलं असेल तर चूक कॉन्फिगरेशनमध्ये आहे, आणि ‘सर्च परमिशन्स आर मिसिंग’ असेल तर वाटेतल्या एखाद्या फोल्डरच्या परवानगीत.