दीड व्होल्टची ओळख

आपल्याकडे बहुतेक घरांत एक खण असतो. त्यात संपलेले सेल, कुठल्यातरी हरवलेल्या कुलपाची किल्ली, रबरबँडचा गुंता, अर्धी उरलेली काळी टेप आणि एक टेस्टर एवढा ऐवज असतो. हा टेस्टर कुणी आणि कधी आणला, हे कुणालाच आठवत नाही. वायरमन आला की स्वतःचा घेऊन येतो. त्यामुळे घरच्या टेस्टरला एकच काम उरतं, डब्याचं घट्ट बसलेलं झाकण उचकटायचं.

हा अन्याय आहे. त्या पारदर्शक मुठीत एक इवलासा निऑनचा दिवा असतो आणि त्याच्या मागे साधारण दहा लाख ओहमचा रेझिस्टर. आपण टोपीवर बोट ठेवतो तेव्हा वीज टोकातून आत शिरते, रेझिस्टर आणि दिवा ओलांडते आणि चक्क आपल्या अंगातून जमिनीकडे जाते. मात्र ती मिलिअॅम्पियरच्या जेमतेम चौथ्या हिश्शाइतकी असते, म्हणून आपल्याला पत्ता लागत नाही. म्हणजे टेस्टर लावताना आपण स्वतःच सर्किटचा भाग होतो. ज्याला हे एकदा कळलं, तो ओल्या हाताने किंवा मूठ तडकलेला टेस्टर पुन्हा धरणार नाही, आणि टेस्टरने स्क्रूही पिळणार नाही.

टेस्टर लागला नाही म्हणजे वीज नाही, असं आपण समजतो. दिवाच मेलेला असेल तर? जुन्या वायरमनांची रीत अशी की टेस्टर आधी चालू सॉकेटवर पाहायचा, मग ज्या जागी काम करायचं तिथे, आणि पुन्हा एकदा चालू सॉकेटवर. तीन वेळा पाहण्यात अर्धं मिनिट जातं. याउलट कधी सॉकेटच्या दोन्ही भोकांत टेस्टर लागतो आणि घरातलं काहीच चालत नाही. माणूस चक्रावतो. बहुधा न्यूट्रलची तार कुठेतरी तुटलेली असते आणि चालू ठेवलेल्या एखाद्या पंख्यातून फेज फिरून त्या तारेत आलेली असते. इथे मात्र आपण हात जोडून वायरमनला बोलवावं.

घरच्या हत्यारांचा उपयोग वायरमनची रोजी बुडवण्यासाठी नाहीच. टेस्टर, इन्सुलेशनच्या दांड्यांची पक्कड, दोन मापांचे स्क्रू ड्रायव्हर (आमच्याकडचे मिस्त्री त्यालाच डिसमिस म्हणतात), टेप आणि एक साधा मल्टिमीटर एवढं पुष्कळ झालं. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर तासाभरात सगळं मिळतं. भिंतीतली वीज ही त्या धंद्यातल्या माणसाची; टेबलावरची, सेलमधली वीज आपली. ही हद्द घरात सगळ्यांना ठाऊक असावी, मुलांना तर नक्कीच.

पण मुलांची विजेशी पहिली ओळख आपण कशी करून देतो? ‘हात लावू नकोस!’ हे बरोबरच आहे. चूक एवढीच की आपण तिथेच थांबतो. 230 व्होल्टच्या विजेला भेटण्याआधी मुलाची दीड व्होल्टच्या विजेशी दोस्ती झाली, तर पुढची भीती आंधळी राहत नाही.

माझी नात चौथीत आहे. तिला एक मोठा सेल, टॉर्चचा जुन्या पद्धतीचा एक बल्ब आणि वीतभर वायर दिली आणि म्हटलं, लाव दिवा. आतून सूनबाई म्हणाल्या, “बाबा, तिला ते विजेचं काही नका हं शिकवू.” नातीने वायर सेलच्या एका टोकाला लावली, बल्बच्या बुडाला लावली. काही नाही. एवढ्यात चिरंजीव आले. ते इंजिनिअर आहेत, पण कॉम्प्युटरचे. दोन मिनिटं खटपट करून म्हणाले, “बाबा, दुसरी वायर कुठंय?” दुसरी वायर लागतच नाही. बल्बचं बूड सेलवर टेकवायचं आणि वायरने बल्बची बाजूची पत्र्याची कड सेलच्या दुसऱ्या टोकाला जोडायची. ते नातीला जमलं, कारण ती बल्ब उलटासुलटा करून बघत होती. बल्बला दोन जागा असतात, एक बुडाशी आणि एक कडेला, हे तिने हाताने शोधलं. वीज नुसती जात नाही, तिला परत यावं लागतं, हे पाठ करावं लागलं नाही.

पुढचा प्रयोग मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. तीन सेल एकापुढे एक, एक लाल एल.ई.डी. आणि तिच्याबरोबर 220 ओहमचा रेझिस्टर घ्यायचा. मध्ये जागा तोडून दोन उघडी टोकं ठेवायची. (एल.ई.डी. लागली नाही तर तिचे पाय उलटवून पाहा. तिच्यातून वीज एकाच दिशेने जाते.) त्या टोकांमध्ये चमचा धरा, खोडरबर धरा, पेन्सिलचं शिसं धरा. मग टोकं पेलाभर साध्या पाण्यात बुडवा. दिवा जवळजवळ नसल्यासारखाच. आता त्यात चमचाभर मीठ टाकून ढवळा. एल.ई.डी. लागते! आपला घाम खारट असतो, एवढंच मुलांना सांगायचं. ओल्या हाताने बटण का दाबायचं नाही, यावर नंतर कधी ओरडावं लागत नाही.

असे खेळ क्षुल्लक नाहीत. लोहाराचा मुलगा मायकेल फॅरडे पुस्तकं बांधण्याचं काम शिकत होता. 1812 साली, विसाव्या वर्षी, त्याने अर्ध्या पेनीएवढ्या तांब्याच्या आणि जस्ताच्या चकत्या, मध्ये मिठाच्या पाण्यात भिजवलेले कागद, अशी स्वतःची बॅटरी रचली. 1831 साली त्यानेच चुंबकाच्या हालचालीतून वीज काढून दाखवली, आणि आपल्या घरात येणारी बरीचशी वीज आजही त्याच तत्त्वावर तयार होते. आपल्या पुण्यात ‘आयुका’च्या मुलांच्या विज्ञान केंद्रात अरविंद गुप्ता यांनी टाकाऊतून खेळणी करायला शिकवलं. एक सेल, दोन सेफ्टी पिना, एक चुंबक, सायकलच्या ट्यूबचा पट्टा आणि एनॅमलच्या तांब्याच्या तारेची गुंडाळी यांची त्यांची मोटर हजारो मुलांनी फिरवली असेल. तिच्यातली खुबी एनॅमल खरवडण्यात आहे. तारेचं एक टोक पूर्ण खरवडायचं, दुसरं अर्ध्याच अंगाने. मग अर्ध्या फेऱ्यात वीज ढकलते आणि उरलेला अर्धा फेरा गुंडाळी आपल्या वेगाने जाते. दोन्ही टोकं पूर्ण खरवडली तर ती जागच्या जागी डुलत बसते.

एक ताकीद मात्र द्यायला हवी. या खेळांत मोबाइलची किंवा पॉवर बँकेची बॅटरी घेऊ नये. तिची टोकं जुळली तर ती पेट घेऊ शकते. टॉर्चचे साधे सेल पुरेत, तेही तार गरम झाली की लगेच सोडवायचे.

आता मोठ्यांचा अभ्यास. तीन पिनांच्या प्लगची वरची पिन लांब आणि जाड का असते? लांब, म्हणजे आत जाताना ती आधी टेकते आणि बाहेर येताना शेवटी सुटते; जाड, म्हणजे ती चुकून दुसऱ्या भोकात जाऊ नये. आणि आपण काय करतो? दोन पिनांचा प्लग बसत नाही म्हणून वरच्या भोकात बॉलपेन खुपसतो.

एम.सी.बी. बसवली म्हणजे आपण सुरक्षित, हा असाच एक गैरसमज. एम.सी.बी. तारांना वाचवते. ती सोळा अॅम्पियरची असेल तर त्याहून जास्त ओढ झाल्यावर खाली पडते. माणसाच्या जिवाला त्याचा काही शतांश भागही पुरतो. माणसाला वाचवायचं काम आर.सी.सी.बी.चं. तिची रीत मला ताबडतोब कळली, कारण आम्ही बँकेत आयुष्यभर तेच केलं. फेजने जेवढं गेलं तेवढं न्यूट्रलने जमा झालं का, हे ती क्षणोक्षणी ताडून पाहते. फरक सापडला, म्हणजे मधल्यामध्ये कुणाच्या तरी अंगातून किंवा गिझरच्या पत्र्यातून वीज बाहेर पडते आहे. घरगुती आर.सी.सी.बी.ला तीस मिलिअॅम्पियरचा फरकही खपत नाही. आम्ही टॅली लागेपर्यंत रात्री दहापर्यंत बसत असू. ही सेकंदाच्या लहानशा अंशात दुकानच बंद करते. अर्थिंग चांगलं असेल तर गिझरचा पत्रा जिवंत झाला की लगेच. नसेल तर त्याला कुणाचा हात लागल्यावर.

तिच्या तोंडावर ‘टी’ लिहिलेलं एक छोटं बटण असतं. आज चहा झाला की खुर्चीवर न चढता हात पोचत असेल तर ते दाबा. घर एकदम शांत होईल, मग टीव्हीच्या खोलीतून आरडाओरडा ऐकू येईल. खटका पुन्हा वर करा. बटण दाबूनही सगळं चालूच राहिलं, तर वायरमनला फोन करा, आणि तो येईपर्यंत गिझर लावू नका.